साक्षीदारांना थोडा वेळ देण्यात आला

उस्ताद शंभर फुटांवरून कधी पडला नाही. पडला तो आठ फुटांवरून.

बावीस वर्षं त्यानं टॉवर क्रेन चालवली. सकाळी डबा आणि पाण्याची बाटली कमरेला बांधून शिडी चढायचा, तो दिवस मावळतानाच खाली यायचा. वरून तो लोखंडी तुळई इतकी अलगद टेकवायचा, की खालचे गवंडी म्हणायचे, "खाली अंडं ठेवलं असतं तरी फुटलं नसतं." म्हणून त्याचं नाव उस्ताद पडलं. खरं नाव पगाराच्या यादीपुरतं उरलं. एका संध्याकाळी उतरताना शेवटच्या टप्प्यात पायरीवरच्या ग्रीसवरून त्याचा पाय सटकला आणि डोकं काँक्रीटच्या कठड्यावर आपटलं. घाम पुसायला हेल्मेट नुकतंच काढून हातात घेतलं होतं.

अकरा आठवड्यांनी तो दवाखान्यातून घरी आला तेव्हा सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. दोन हात, दोन पाय धडधाकट. बोलणं तसंच मिठ्ठास. कुणी विचारलं, "कसं काय उस्ताद?" की हा म्हणणार, "एकदम झकास!" आणि समोरच्याला हसवून पाठवणार. त्याची थोरली बहीणही चार दिवस तशाच भ्रमात होती. पाचव्या दिवशी घरात दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा ती त्याच्यापुढे ताट वाढून कामावर गेली. संध्याकाळी परत आली तर हा त्याच ताटासमोर बसलेला, भुकेनं तोंड सुकलेलं.

"अरे, जेवला का नाहीस?"

"आत्ताच तर बसलोय की, ताई."

मग डॉक्टरांनी तिला नीट समजावलं. जुनं कपाट शाबूत आहे, पण नवीन काही ठेवायला गेलं तर फळीच नाही. आज सांगितलेलं दहा मिनिटांत निसटणार. आणि दुसरं म्हणजे, एखादी गोष्ट आपणहून सुरू करायची जी कळ असते माणसात, ती गेलीय. जेव म्हटलं तर जेवेल, थांब म्हणेपर्यंत जेवत राहील. "वरून काही दिसणार नाही," डॉक्टर म्हणाले. "हाच तुमचा मोठा त्रास होणार आहे."

ताई म्हणजे जगाचीच ताई. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणाऱ्या गरम रुळाच्या यंत्रावर ती पंचवीस वर्षं उभी होती, आणि तिथल्या मुकादमापासून झाडूवालीपर्यंत तिला सगळे ताईच म्हणत. हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने पट्टे. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. ती आपलं गाठोडं उचलून भावाकडे कायमची राहायला आली. दुसऱ्या वर्षी उस्तादची बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. जाताना नणंदेच्या गळ्यात पडून रडली. तिला कुणी बोल लावला नाही. रोज सकाळी नवऱ्याला आपल्या लेकीची इयत्ता सांगत कुणी किती वर्षं काढायची?

आई होती तोवर निभलं. ताई कामावर, आई घरी. चार वर्षांनी आई झोपेतच गेली. उस्ताद त्या दिवशी धाय मोकलून रडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुऊन म्हणाला, "आई कुठाय गं?" ताईनं सांगितलं. तो पुन्हा तसाच रडला, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. त्याच्यासाठी ते पहिल्यांदाच होतं. असं तीन दिवस झालं. चौथ्या दिवशी तो विचारू लागला तेव्हा ताई म्हणाली, "बाहेर गेलीय. येईल." तो "बरं" म्हणाला आणि चहा प्यायला. तेव्हापासून आई बाहेर गेली होती, आणि येणार होती. ताईनं मनाशी गाठ बांधली, की काहीही होवो, हे त्याला पुन्हा सांगायचं नाही.

शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाई दिवसा त्याच्याकडे लक्ष ठेवू लागल्या. त्याला अपंगत्व भत्ता मिळत होता, ताईचा पगार होता. गाडा चालला होता.

मग सरकारचं नवं धोरण आलं. 'काम हाच आधार.' भत्ता घेणाऱ्या प्रत्येकाची नव्यानं तपासणी होणार, ज्याला काम करता येण्यासारखं आहे त्याला कामाकडे वळवणार. कागदावर वाचलं तर वाईट काहीच नव्हतं. ताईलाही वाटलं, बरंच आहे, खोटे लोक गळतील.

तपासणीच्या खोलीत एक तरुण मुलगी बसली होती, समोर संगणक. बावीस प्रश्न होते. डोक्याच्या वर हात नेता येतो का? येतो. रिकामा खोका उचलता येतो का? उस्तादनं तो एका हातानं उचलला आणि म्हणाला, "भरून ठेवा की बाई, काहीतरी चॅलेंज द्या." मुलगी हसली. स्वतःचं जेवण स्वतः करता का? "झकास करतो." बाहेर एकटे जाता का? "मग, कडेवर घेऊन कोण जाणार?"

"अहो, तसं नाहीये," ताई मध्येच म्हणाली. "तो जातो, पण परत..."

"ताई, प्रश्न त्यांना आहे," मुलगी गोडच बोलली. "माझ्या फॉर्ममध्ये नातेवाइकांसाठी रकानाच नाही."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. गुण शून्य. शेऱ्यात लिहिलं होतं: संवादकौशल्य उत्तम, विनोदबुद्धी चांगली, आत्मविश्वास भरपूर. कामास योग्य. भत्ता बंद.

ताईनं अपील केलं. अपिलाची रांग चौदा महिन्यांची. तोवर दर मंगळवारी उस्तादनं स्वतः रोजगार कार्यालयात जाऊन काम शोधत असल्याची सही करायची. एका मंगळवारी ताईला सुट्टी मिळाली नाही, मास्तरीणबाईंना ताप होता, आणि उस्तादला मंगळवार म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. सही चुकली म्हणून त्याच्या नावावर ठपका बसला.

मास्तरीणबाईंच्या हाती पेपर पडला तो याच सुमाराला. संसदेची एक समिती या धोरणाची छाननी करणार होती, आणि ज्यांना अनुभव आले आहेत त्यांनी लिहून कळवावं असं आवाहन होतं. "हे बघ," मास्तरीणबाई चष्मा सावरत म्हणाल्या, "अधिकाऱ्यांपुढे रडून काही होत नाही. पण हे लोक मंत्र्याला उभं करून विचारतात. त्यासाठीच त्यांना निवडून दिलंय." ताईनं सांगितलं, मास्तरीणबाईंनी सुवाच्य अक्षरात चार पानं लिहिली. दीड महिन्यानं समितीच्या सचिवाचा फोन आला. आपली साक्ष घ्यायची आहे, याल का?

ताईनं त्या दिवसासाठी सहा वाक्यं पाठ केली. रुळावर चादर सारताना म्हणायची, बसमध्ये ओठांतल्या ओठांत म्हणायची. धुलाईघरातल्या बायका थट्टा करू लागल्या, "ताई, आम्हाला ओळख ठेवा हं, मंत्रीण झालात की."

समितीची खोली मोठी होती. घोड्याच्या नालेच्या आकाराचं टेबल, त्याभोवती अकरा सभासद, प्रत्येकापुढे माईक आणि पाण्याचा पेला. एका कोपऱ्यात एक माणूस सगळं शब्दशः टिपून घेत होता. सचिव सर्दीनं बेजार होता, सारखा खोकल्याची गोळी चघळत होता, पण माणूस भला. "लाल दिवा लागला की बोला," त्यानं ताईला दाखवलं. "घाबरू नका. हे तुमच्याच बाजूनं ऐकायला बसलेत." ताई दिसेनाशी झाली की उस्ताद कावराबावरा होई, म्हणून त्याला तिच्या मागच्याच खुर्चीवर बसवलं.

अध्यक्षबाई साठीच्या, आवाज मऊ पण नजर पक्की. त्यांनी कागद बाजूला ठेवले. "तुमच्या शब्दांत सांगा," म्हणाल्या.

ताई ती सहा वाक्यं दुसऱ्या वाक्यालाच विसरली, आणि तेच बरं झालं. ती मग खरं बोलली. ताटाचं सांगितलं. गॅस पेटवून तिथंच उभा राहिलेला उस्ताद सांगितला. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन रात्री पोलिसांच्या गाडीतून परत आलेला उस्ताद सांगितला, जो पोलिसांचे आभार मानून त्यांना चहाला बोलवत होता. "साहेब, माझा भाऊ खोटं बोलत नाही," ती म्हणाली. "तो झकास आहे असं त्याला खरंच वाटतं. तुम्ही त्याला विचाराल तर तो हेच सांगेल. म्हणून मला विचारा. कुणीतरी मला विचारा."

दोन सभासद लिहीत होते. ताईला वाटलं, पोचलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिच्या छातीवरचं ओझं बोटभर हललं.

तेवढ्यात सरकारी बाजूच्या एका जाडजूड सभासदानं माईक लावला. तो पूर्वी स्वतः बांधकामाच्या धंद्यात होता. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे ताई नंतरही सांगायची. "अध्यक्षबाई, परवानगी असेल तर," तो म्हणाला, "मला आपल्या क्रेनवाल्या मित्राशी एक शब्द बोलू द्या. उस्ताद, कुठली क्रेन होती?"

उस्ताद उठून उभा राहिला. आठ वर्षांत त्याला त्याच्या कामाबद्दल कुणी विचारलं नव्हतं. चेहरा असा उजळला, की ताईलाही क्षणभर जुना भाऊ दिसला.

"टॉवर, साहेब. पन्नास मीटरचा हात."

"किती उचलायचात?"

"वीस मीटरवर साडेचार टन. तीसवर पावणेतीन. चाळीसवर एकोणीसशे किलो आणि टोकाला चौदाशे, त्याच्यावर एक विटकरसुद्धा नाही. वारा सुटला तर आकडे विसरायचे, देवाचं नाव घ्यायचं आणि खाली यायचं."

सगळे हसले. तो जाडजूड सभासद तर टेबलावर थाप मारून हसला. "अगदी बरोबर! माझ्याकडं असा एक माणूस असता ना!"

"आजही येतो की साहेब. शिडी तेवढी धुऊन ठेवा."

पुन्हा हशा. अध्यक्षबाईंनाही हसू आवरेना. ताईचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. कारण त्या जाडजूड माणसाच्या शेजारचा किडकिडीत सभासद हसत नव्हता. तो माईककडे झुकला.

"अध्यक्षबाई, बहिणीच्या मायेचा मला आदर आहे. पण समितीनं आत्ता काय पाहिलं? भारमानाचा तक्ता तोंडपाठ. प्रसंगाला साजेसा विनोद. तपासनीस मुलीनं जे लिहिलं तेच आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. माझी विनंती आहे की याची नोंद व्हावी."

कोपऱ्यातला माणूस लिहीत होता.

"ते जुनं आहे," ताई म्हणाली. "जुनं सगळं येतं त्याला. नवीन... तुम्ही नवीन विचारा. आपण कुठं बसलोय ते विचारा."

अध्यक्षबाईंनी उस्तादकडे वळून अगदी हळुवार विचारलं, "सांगाल का, आज आपण कुठे आलो आहोत?"

उस्तादनं खोलीभर पाहिलं. कोट, पेले, माईक. तो चतुर माणूस होता, अंदाज बांधणारा. "मुलाखतीला," तो म्हणाला. "मोठं काम दिसतंय. ताई, आईला सांगून आलीस ना? वाट बघत बसेल."

"आई घरी असते तुमच्या?" अध्यक्षबाईंनी विचारलं. त्यांना ठाऊक नव्हतं. त्या चार पानांत ताईनं ते लिहू दिलं नव्हतं.

"हो, हो. थकलीय आता. पण आहे खणखणीत."

किडकिडीत सभासद मान डोलावत होता. बरोबर उत्तर, सुसंगत उत्तर. ताईनं त्याची ती डोलणारी मान पाहिली. तिच्याकडे एकच गोष्ट होती, आणि ती न काढण्याची तिनं स्वतःला शपथ घातलेली होती. समोर लाल दिवा जळत होता. ती बोलली.

"आमची आई चार वर्षांपूर्वी गेली. हा तिथं होता. यानं खांदा दिलाय तिला. याला ठाऊक नाही."

मागे खुर्ची सरकली. तिनं वळून पाहिलं नाही, पण तिला ऐकू आलं. "ताई? काय म्हणालीस? ताई, आई कधी...?" आणि मग तो आवाज, जो ताईनं तीन दिवस ऐकला होता आणि पुन्हा ऐकायचा नाही म्हणून चार वर्षं खोटं बोलली होती. चाळिशी ओलांडलेला धिप्पाड माणूस अकरा परक्या माणसांपुढे गुडघ्यांवर बसून लहान मुलासारखा हमसून हमसून रडत होता. जाडजूड सभासदानं तोंडावर हात धरला. किडकिडीतानं खाली कागदांकडे पाहिलं. ताई खुर्चीवरून उतरून भावाजवळ जमिनीवर बसली आणि त्याचं डोकं पोटाशी धरून म्हणत राहिली, "चुकले रे राजा, चुकले मी."

बाहेरच्या बाकावर सचिवानं उस्तादला खोकल्याची गोळी दिली. पंधरा मिनिटांत त्याचे डोळे सुकले, आणि त्यानं सचिवाला विचारलं, "तुमची सर्दी फार दिवसांची दिसतेय. औषध घ्या हो."

अध्यक्षबाई मुद्दाम बाहेर आल्या. ताईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आज तुम्ही जे केलंत, त्याची किंमत मला कळते."

"तुम्हाला कळली, बाई," ताई म्हणाली. "आता खात्याला कळवा."

उस्ताद ती गोष्ट विसरला, पण तिचं ओझं राहिलं. त्या आठवड्यापासून संध्याकाळ झाली की तो दारात जाऊन उभा राही. "काय रे?" म्हटलं की म्हणायचा, "काही नाही. काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतंय." जेवताना मध्येच घास हातात धरून थांबायचा. कपडे अंगावर ढिले होऊ लागले. डॉक्टर म्हणाले, असं होतं. डोकं विसरतं, पण दुःख अंगात कुठंतरी मुरतं. कधी जाईल? सांगता येत नाही.

महिन्याभरानं समितीपुढे मंत्री आले. मास्तरीणबाईंच्या घरी दूरदर्शन संचासमोर ताई मांडी घालून बसली. अध्यक्षबाईंनी मंत्र्यांना असं धारेवर धरलं, की मास्तरीणबाई "बघ, बघ" म्हणत टाळी देत होत्या.

"अपिलात गेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक जिंकतात. म्हणजे पहिला निर्णय निम्म्याहून जास्त वेळा चुकतो. बरोबर?"

"मी ते वेगळ्या तऱ्हेनं बघतो," मंत्री शांतपणे म्हणाले. "ते जिंकतात, म्हणजे अपिलाची व्यवस्था उत्तम काम करते आहे."

"आणि चौदा महिने थांबणारे?"

"प्रतीक्षा कमी करण्यास आम्ही वचनबद्ध आहोत."

"आमच्यापुढे एक क्रेनचालक आले होते."

"वैयक्तिक प्रकरणावर मी भाष्य करू शकत नाही, अध्यक्षबाई. मात्र त्यांच्या कुटुंबाबद्दल माझ्या मनात सहानुभूती आहे."

मास्तरीणबाईंनी संच बंद केला. "पालथ्या घड्यावर पाणी," त्या पुटपुटल्या.

अहवाल आला तो एकशे बारा पानांचा. एकतीस शिफारशी. सत्तेचाळिसाव्या परिच्छेदात ताई होती: 'एका भगिनीने समितीस सांगितले.' शिफारस स्पष्ट होती, की मेंदूला इजा झालेल्यांच्या तपासणीत घरच्या माणसाचं म्हणणं ऐकणं बंधनकारक करावं. सचिवानं अहवालाची प्रत टपालानं पाठवली. ताईनं ती कामावर नेली. बायकांनी तो परिच्छेद मोठ्यानं वाचला, मुकादमानं चहा मागवला. त्या दिवशी ताई हसली होती.

सरकारनं दोन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. पाच महिन्यांनी दिलं. 'शिफारस अंशतः मान्य.' त्यानुसार एक परिपत्रक निघालं: अर्जदारानं स्वतःहून तशी मागणी केल्यास नातेवाइकास बोलण्याची मुभा देण्यात येईल. ताईनं ते दोनदा वाचलं. स्वतःहून. जो माणूस भूक लागली तरी स्वतःहून घास उचलत नाही, त्यानं.

आणि मग अपिलाची तारीख लागली. तिसऱ्या मजल्यावरची बुटकी खोली, टेबलामागे तिघं. खात्याच्या बाजूनं एक तरुण वकील होता, इस्त्रीचा सदरा, बोलणं अदबीचं. त्यानं फाइलमधून काही पानं काढली.

"माननीय मंडळापुढे मी संसदीय समितीच्या कामकाजाची शब्दशः नोंद ठेवतो," तो म्हणाला. "पान एकोणीस. अपीलकर्त्यानं क्रेनचा भारमान तक्ता अचूक सांगितला. पुढे कंसात, 'हशा'. पुन्हा एक उत्तर. पुन्हा कंसात, 'हशा'."

"पुढचं वाचा," ताई म्हणाली. "पान वीस वाचा."

त्यानं वाचलं. आईबद्दलचं ताईचं वाक्य होतं, जसंच्या तसं. त्याखाली कंसात एक ओळ होती: 'साक्षीदारांना थोडा वेळ देण्यात आला.' त्यानंतर पुढच्या साक्षीदाराचं नाव.

"एवढंच?" ताईनं विचारलं.

"एवढंच आहे, ताई." त्यानं पान उलटून तिच्यापुढे धरलं. तो लबाडी करत नव्हता.

"तो रडला. जमिनीवर बसून रडला. सगळ्यांनी पाहिलं."

मंडळाचा प्रमुख चष्म्यावरून तिच्याकडे बघत म्हणाला, "आईच्या मृत्यूचा उल्लेख झाल्यावर माणूस रडतो. त्यावरून तो अक्षम आहे असं ठरत नाही." मग उस्तादला विचारलं, "तुम्हाला काम करायला आवडेल का?"

"का नाही साहेब?" उस्ताद म्हणाला. "घरी बसून कुणाचं भलं झालंय?"

निकाल पोस्टानं आला. अपील फेटाळलं. देखरेखीखाली हलकं काम करण्यास योग्य. देऊ केलेलं काम नाकारल्यास तीन वर्षं कुठल्याही मदतीस अपात्र. अपिलात निम्म्याहून जास्त लोक जिंकत. उस्ताद उरलेल्यांत निघाला.

ताईनं अध्यक्षबाईंच्या कार्यालयात फोन केला. एक नवाच आवाज आला. निवडणूक जाहीर झालीय, समिती बरखास्त झालीय, बाई यंदा उभ्या नाहीत.

त्याच महिन्यात मास्तरीणबाई न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. लेकीनं येऊन त्यांना आपल्या गावी नेलं. स्ट्रेचरवरून जाताना त्या ताईला म्हणाल्या, "मीच तुला ते पत्र लिहायला लावलं गं." ताईनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

आता उस्तादजवळ दिवसा कोण बसणार? पैसे देऊन माणूस ठेवण्याची ऐपत नव्हती. अशात कामाचं पत्र आलं: एका मालगोदामाच्या फाटकावर अडसराचा दांडा वर-खाली करायचा. ताईनं सगळ्या बाजूंनी विचार केला. आपण कामावर गेलो तर हा एकटा. हा कामावर गेला नाही तर तीन वर्षं काही नाही. आणि गेला तर तिथं त्याला दर वेळी सांगणार कोण? पहिल्या दिवशी ती त्याच्याबरोबर गोदामावर गेली. तिथला मुकादम व्यवहारी होता. "तुम्ही बसा की ताई त्याच्याजवळ, स्टूल देतो," तो म्हणाला. "माझं काय जातंय? तुम्ही नसाल तर मात्र मला दुसरा माणूस बघावा लागेल."

म्हणून ताईनं धुलाईघराची नोकरी सोडली. पंचवीस वर्षं सोबत काम केलेल्या बायकांनी तिला एक घड्याळ भेट दिलं, आणि रुळावर दुसरी उभी राहिली. आता ती रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा फाटकापाशी स्टुलावर बसते, उन्हात, वाऱ्यात. ट्रक आला की म्हणते, "उस्ताद, वर." ट्रक गेला की, "उस्ताद, खाली." दिवसातून दोनशेदा तरी. दोघं मिळून एका माणसाचं काम करतात आणि एका माणसाच्या पगारात घर चालवतात.

नवी समिती नेमली गेली तेव्हा एका दुपारी ताईचा फोन वाजला. तोच सचिव होता, सर्दी तशीच.

"ताई, एक विचारायचं होतं. खात्यानं नवीन आकडे पाठवलेत. 'काम हाच आधार'मुळे कामावर परतलेल्यांची यादी. त्यात तुमच्या भावाचं नाव आहे. यशस्वी उदाहरण म्हणून त्याच्यावर अर्धं पान लिहिलंय. हे खरं आहे का?"

ताईनं उस्तादकडे पाहिलं. तो दांड्याच्या मुठीवर हात ठेवून उभा होता, गुमान, सांगण्याची वाट बघत.

"खरं आहे," ती म्हणाली. "कामावर आहे तो."

"आणि तुम्ही?"

"मी त्याच्याजवळ बसते."

मग सचिव म्हणाला, "नवे अध्यक्ष तुम्हाला पुन्हा बोलवायचं म्हणतायत. हे समोर यायला हवं, ताई. तुम्ही सांगितलंत तर नोंदीत येईल."

"मागच्या वेळचं आलं की नोंदीत," ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही भले आहात. तुमच्या बाईही भल्या होत्या. पण मी येणार नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं जे होतं, ते मी सांगून बसले. ते अजून त्याच्या अंगातून गेलेलं नाही."

"मी समजू शकतो," सचिव म्हणाला. "पण यादीतलं नाव मग तसंच राहील."

"राहू द्या."

तिनं फोन ठेवला तेव्हा फाटकाबाहेर दोन ट्रक येऊन उभे होते आणि मागचा भोंगा वाजवत होता. ती स्टुलावरून उठली नाही. "उस्ताद, वर," ती म्हणाली. दांडा वर गेला, सरळ, न हलता, एखाद्या कसबी हातानं उचलावा तसा. पहिला ट्रक गेला, दुसरा गेला. धूळ खाली बसली. उस्ताद दांडा धरून तसाच उभा होता, आणि ताई लगेच काही बोलली नाही, म्हणून तो उभाच राहिला.